बेसूर वाजवण्याची तयारी

४ जुलै
'बॉन्झो डॉग डू-डा बँड'चा १९६७चा 'गोरिला' अल्बम आज सलग ऐकला. हा ताफा १९६२ साली लंडनमध्ये कलाशाळेतल्या पोरांनी जमवला. आधी नावात 'डाडा' होतं, त्या उफराट्या कलाचळवळीवरून. मग प्रत्येकाला समजावून सांगण्याचा वैताग आला, म्हणून त्याचं 'डू-डा' केलं. जुन्या बाजारात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या धुंडाळायच्या, १९२०-३०च्या दशकांतली विसरलेली खुळचट गाणी उचलायची आणि पबमध्ये वाजवायची, असा त्यांचा सुरुवातीचा उद्योग.

५ जुलै
'द इंट्रो अँड द आउट्रो' पुन्हा पुन्हा लावलं. ड्यूक एलिंग्टनच्या 'सी जॅम ब्लूज'च्या जवळची एक छोटी धून घोळत राहते आणि बँडचा गायक व्हिव्हियन स्टॅनशॉल साहेबी निवेदकाच्या थाटात एकेका वादकाची ओळख करून देतो. सुरुवातीचे खरे. मग झायलोफोनवर जॉन वेन येतो, व्हायब्राफोनवर चक्क हिटलर, अकॉर्डियनवर जनरल द गॉल. काउंट बेसीचा अख्खा ऑर्केस्ट्रा येतो आणि त्या सगळ्यांच्या वाट्याला मिळून एक ट्रँगल! निवेदक एकदाही हसत नाही. ओळखी संपतात तेव्हा गाणंही संपलेलं असतं.

८ जुलै
'जॅझ, डिलिशस हॉट, डिसगस्टिंग कोल्ड'. हेही 'गोरिला'मधलंच. इंग्लंडात जुन्या वळणाच्या ट्रॅड जॅझची लाट येऊन गेली होती, तिची ही टर. प्रत्येक वाद्य घसरतं, अडखळतं, भलत्याच सुरावर जाऊन बसतं. पण एकेकाने पुढे यायचं, आपली फेरी घ्यायची, शेवटी सगळ्यांनी मिळून गदारोळ करायचा, ही बांधणी जागच्या जागी आहे. तमाशातला सोंगाड्या लय पक्की असल्याशिवाय तोल गेल्याचं सोंग करू शकत नाही, इथेही तेच. नुसतं वाईट वाजवणारे बँड गल्लोगल्ली असतात, त्यांना कोणी पैसे देऊन ऐकत नाही.

९ जुलै
पाऊस. काही ऐकलं नाही.

११ जुलै
बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या १९६७च्या चित्रपटातला बॉन्झोंचा प्रवेश पाहिला. स्टॅनशॉल एल्व्हिसची नक्कल करतो, पण गळा खरोखरीचा आहे. या मंडळींना रंगमंचावर काहीच वर्ज्य नसे: रॉजर रस्किन स्पिअरचे घरी बनवलेले यंत्रमानव, 'लेग्ज' लॅरी स्मिथचं टॅप नृत्य. पुढे मुलांच्या 'डू नॉट अ‍ॅडजस्ट युअर सेट' या टीव्ही मालिकेत ते वाजवू लागले. मालिकेत एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन होते. १९६९मध्ये मॉन्टी पायथन या विनोदी चमूत गेले ते हेच.

१२ जुलै
१९६८चं 'आय अ‍ॅम द अर्बन स्पेसमन' ब्रिटिश लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. चाल बँडमधल्याच नील इन्सची, निर्मिती पॉल मॅकार्टनीची, तीही 'अपोलो सी. व्हर्मथ' या टोपणनावाने. इन्स सांगत असे तो किस्सा बहारीचा: स्टॅनशॉलला बागेत पाणी घालायच्या पाइपला ट्रम्पेटचं तोंड आणि दुसऱ्या टोकाला नरसाळं लावून तो डोक्यावर गरगर फिरवत वाजवायचा होता. हे ध्वनिमुद्रित होणारच नाही, असं तंत्रज्ञ म्हणाले. मॅकार्टनीने खोलीच्या चारही कोपऱ्यांत मायक्रोफोन लावायला सांगितले. काम झालं.

१३ जुलै
बँड १९७०मध्ये फुटला. स्टॅनशॉल १९९५मध्ये घराला लागलेल्या आगीत गेला, इन्स २०१९च्या डिसेंबरात. लोक त्यांना 'विनोदी गाणी'च्या कप्प्यात टाकून मोकळे होतात. माझ्याकडे मात्र 'गोरिला' जॅझच्या रांगेतच राहील.