काच भरायची की चित्र दाखवायचं?

जुन्या चित्रपटाची टीव्हीसाठी प्रत करून घ्यायला आलेले निर्माते रंगांची चौकशी नंतर करतात; आधी वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांचं काय करणार, हे विचारतात. टीव्हीचे पूर्ण पैसे मोजलेत, तर काच पूर्ण भरली पाहिजे, असा सरळ हिशेब. फिल्मवरून व्हिडिओ काढणाऱ्या टेलिसिने यंत्रावर आणि पुढे स्कॅनरवर रंग जुळवता जुळवता माझा हिशेब मात्र उलटा होत गेला. चित्राचा दर्जा बघायचा तर आधी चौकट बघायची, पिक्सेल मागाहून.

गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’ घ्या. १९५९ सालचा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. स्कोपचं भिंग ३५ मिमीच्या फिल्मवर चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत बसवतं आणि थिएटरातलं भिंग ते पुन्हा पसरवतं. पडद्यावर उंचीच्या २.३५ पट रुंदी मिळते. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून वळवलेला उन्हाचा तो झोत सगळ्यांना आठवतो. रिकाम्या स्टुडिओत वहिदा आणि गुरुदत्त एकमेकांपासून लांब उभे आहेत. मला मात्र त्या दृश्यात झोताइतकंच त्या दोघांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. एवढी रुंद चौकट घेतली, ती अशा अंतरासाठीच.

हे चित्र जुन्या ४:३ टीव्हीवर उंची भरून बसवलं, की ४३ टक्के रुंदी बाहेर जाते. मग टेलिसिनेवर बसलेल्या माणसाने ठरवायचं, ती ठेवायची की तो. दोघंही हवे असतील तर चौकट एकीकडून दुसरीकडे सरकवायची. त्यालाच पॅन अँड स्कॅन म्हणतात. छायाचित्रकाराने स्थिर ठेवलेला कॅमेरा असा वर्षांनंतर, एका बंद खोलीत, एका नॉबवर फिरू लागतो.

पट्ट्या ठेवल्या तरी प्रश्न संपत नाही. पॅल डीव्हीडीत ५७६ ओळी असतात. स्कोप चित्र ४:३ च्या चौकटीत लेटरबॉक्स करून, म्हणजे वर-खाली पट्ट्या ठेवून, बसवलं, तर त्यातल्या साधारण ३२७ ओळीच चित्राला मिळतात. बाकीच्या ओळी काळा रंग साठवण्यात खर्ची पडतात. तेच चित्र १६:९ साठी दाबून साठवलं, तर सुमारे ४३६ ओळी मिळतात. दोन्ही डिस्कच्या वेष्टनावर ‘वाइडस्क्रीन’च छापलेलं असायचं.

रुंद टीव्ही आल्यावर कात्री आडवी फिरू लागली. ‘संत तुकाराम’च्या (१९३६) काळातली चौकट जवळजवळ चौरस असायची. असं चित्र १६:९ वर काठोकाठ भरलं, तर उंचीतला २३ टक्के भाग जातो. कपाळ तरी जातं, नाहीतर पाय. त्याहून वाईट अवस्था ४:३ साठी आधीच कापून ठेवलेल्या स्कोप चित्रपटांची. त्यांच्या बाजू पूर्वीच गेलेल्या. आता काही वाहिन्यांवर डोकंही जातं.

मग जास्त चित्र दिसलं म्हणजे खरं चित्र दिसलं, असं म्हणावं का? ‘शोले’कडे बघितलं की तेही म्हणता येत नाही. तो चित्रित झाला ३५ मिमीवर. ७० मिमीच्या प्रती ब्लो-अप करून काढल्या, आणि त्यासाठी निगेटिव्हचा वरचा-खालचा भाग सोडून २.२ ची चौकट घेतली. पूर्ण निगेटिव्ह उघडून केलेल्या टीव्ही प्रतीत जास्तीचं आकाश आणि जास्तीची जमीन दिसते. पण छायाचित्रकार द्वारका दिवेचांनी रचना केली होती ती थिएटरातल्या चौकटीसाठी. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेली, २०२५ मध्ये बोलोन्यात दाखवलेली प्रत २.२ ची आहे, ती म्हणूनच.

चौकट जमली, की मोह येतो तो साफसफाईचा. ओरखडे आणि धूळ काढावीच. ती कुणी मुद्दाम टाकलेली नसते. ग्रेनचं तसं नाही. फिल्मवरचं चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. नॉइज रिडक्शनची मात्रा वाढवली, की कणांबरोबर त्वचेची रंध्रं आणि कापडाचा पोतही पुसला जातो; माणसं मेणाची दिसायला लागतात. ‘पॅटन’च्या २००८ च्या ब्ल्यू-रेवर हीच टीका झाली. तो चित्रपट मुळात ६५ मिमीवर घेतलेला. तपशिलाची तिथे वाण नव्हती.

भिंगांच्या खोडींचंही असंच. सुरुवातीच्या सिनेमास्कोप भिंगांत क्लोज-अपमधला चेहरा रुंद व्हायचा. हॉलिवूडवाले त्याला गालगुंड म्हणायचे. आज तो चेहरा संगणकावर सरळ करणं अवघड नाही. मी करत नाही. दिग्दर्शकाने ते भिंग ओळखूनच माणसं जवळ-लांब उभी केलेली असतात; चेहरा सुधारायला गेलं, तर त्याची मांडणी बिघडते.

निर्मात्याला मी कापलेला आणि पूर्ण, असे दोन तुकडे शेजारी-शेजारी लावून दाखवतो. बऱ्याचदा पट्ट्या राहतात. नाहीच पटलं, तर त्याला हवी तशी प्रत देतो, कारण चित्रपट त्याचा आहे. पण त्याआधी पूर्ण चौकटीची, ग्रेनसकट मास्टर फाइल करून घ्यायचा आग्रह धरतो. त्याला पटणारं कारण पैशाचं असतं: ४:३ साठी कापलेले मास्टर टीव्ही रुंद होताच निकामी झाले, आणि पुन्हा निगेटिव्हपासून सुरुवात करावी लागली. तोवर कित्येकांची निगेटिव्ह उरलीच नव्हती.