बैठकीतला समेट आणि उपचाराची खोली

नांदेड-लातूरकडे नवरा-बायकोचे बिनसले की दोन्हीकडच्या पाहुण्यांची बैठक बसते आणि ‘मारहाण नाही, मग त्रास कसला?’ या प्रश्नाचे उत्तर सुनेने चार वडीलधाऱ्यांसमोर द्यावे अशी अपेक्षा असते. भावनिक हाताळणी, म्हणजे समोरच्याच्या आठवणीवर, भीतीवर आणि अपराधीपणावर पकड ठेवून त्याला आपल्या मर्जीने वागवणे, नेमकी याच प्रश्नातून निसटते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणासाठी झालेल्या २००५च्या कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारात धरला खरा. परंतु या छळाचे वळ अंगावर उमटत नाहीत आणि ‘मी असं बोललोच नव्हतो’ हे वर्षानुवर्षे ऐकून बाईचा स्वतःच्या आठवणीवरचाच भरवसा उडालेला असतो.

स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात मांडलेली भावनाकेंद्री उपचारपद्धती जोडप्याला समोरासमोर बसवून नात्यातली सुरक्षितता पुन्हा उभी करते; मात्र जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे ती वापरू नये, असे ही पद्धतच बजावते, कारण खोलीत उघडी केलेली दुखरी जागा घरी गेल्यावर हत्यार म्हणून वापरली जाते. बैठकीला हे भान क्वचितच असते.

म्हणून कंधार किंवा अहमदपूरहून दवाखान्याच्या निमित्ताने आलेल्या बाईशी जाणता समुपदेशक आधी एकटीशीच बोलतो. ‘माझंच चुकत असंल’ हे तिचे वाक्य तो खोडत नाही आणि उचलूनही धरत नाही. भावाच्या लग्नाला जायचे ठरलेले असताना ऐनवेळी नकार कसा आला, आधी कोण काय बोलले, छातीत कधी धडधडले, एवढे एकच प्रकरण तो तिच्याकडून क्रमाने ऐकतो आणि पुढच्या भेटीत तिच्याच शब्दांत तिच्यापुढे ठेवतो. ‘नवरा वाईट, सोडून द्या’ असा निकाल देण्याची घाई केली तर बाई एका हुकमातून दुसऱ्या हुकमात जाते. चेहरे वाचून वागण्याची सवय जडलेली असल्याने ती समुपदेशकाचाही चेहरा वाचू लागते आणि त्याला आवडेल तेच सांगते. ‘नाही, तसं नव्हतं झालं’ असे ती ज्या दिवशी त्यालाच ठणकावते, तो दिवस खऱ्या प्रगतीचा मानावा. माहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाशी तुटलेले बोलणे जोडण्याचे काम त्यानंतरचे.

असा समुपदेशक गाठता येत नसेल, तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. ज्या घरात बाईचा मोबाइल तपासला जातो, तिथे मात्र तिने हा फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावा.