मैदानापर्यंतचे अंतर

नांदेडहून लातूरला रस्त्याने जाण्याचा योग आला, तर दुपारी चारच्या सुमारास निघावे. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे पडत असताना शाळा सुटलेल्या असतात. थांब्या-थांब्यावर दप्तरे सांभाळीत मुली एसटीची वाट पाहत असतात. अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासामुळे त्यांचा शाळेचा प्रवास मोफत झाला, ही मोठीच सोय. पण खेळाचा सराव सुरू होतो तो शाळा सुटल्यावर, आणि गावाकडची गाडी काही सरावासाठी थांबत नाही.

या मातीत गुण नाही, असे कोण म्हणेल? मुखेड तालुक्यातील होनवडजच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिल यांच्यासह भारताचा ध्वज हाती घेतला आणि गोळाफेकीत पाचवे स्थान मिळवले. लातूर जिल्ह्याने काका पवारांसारखा अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल दिला. आज मराठवाड्यातील होतकरू पोरे कुस्ती शिकायला पुण्यातील त्यांच्या तालमीत जातात. ज्याच्या घरी खुराकाची आणि राहण्याची ऐपत नाही, त्या पोराने काय करावे?

संध्याकाळी लातुरात शिरताच शिकवण्यांची गर्दी दिसते. येथे मुलांना वेळ नाही, खेड्यात सोय नाही. मैदान दोघांनाही दूरच.

या अंतरात एकदा मीही भर घातली आहे. तेरा वर्षांची एक खो-खोपटू धाप लागते म्हणून माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन आठ. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, ‘‘बाळ, सध्या खेळ बंद.’’ ‘सध्या’ म्हणजे किती, हे मात्र मी सांगितले नाही. काही महिन्यांनी रक्त सुधारले. पण संघात तिची जागा दुसरीने घेतली होती, आणि घरच्यांनी ‘‘डॉक्टरच नको म्हणाले’’ एवढेच लक्षात ठेवले होते. ती पुन्हा मैदानावर गेली नाही. श्रीमंताघरच्या मुलीसाठी मी परतण्याची तारीख लिहून दिली असती का, हा प्रश्न मला आजही टोचतो.

तेव्हापासून विश्रांती सांगताना मी फेरतपासणीचा दिवस आणि खेळ पुन्हा हळूहळू कसा सुरू करायचा, हेही कागदावर लिहून देतो. आपणही डॉक्टरांकडून ते आवर्जून विचारून घ्यावे. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही साठ मिनिटे शाळेच्या वेळेतच, शाळेच्या पटांगणावर मिळावीत, एवढा आग्रह पालकसभेत धरावा. खेळाचा तास गणिताला दिला जात असेल, तर शांतपणे हरकत घ्यावी. जिची गाडी पाचला सुटते, तिच्यासाठी तोच एक तास मैदान असतो.