आधी भूज

सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ लागतं. दोन्हीकडे मिठाचे ढीग, मधून सरळसोट रस्ता. बडोद्याहून बाबा, मावशी आणि मी निघालो. मावशीची अट एकच : पांढरं रण नंतर, आधी भूज.

प्रागमहाल, आयनामहाल भराभर उरकले. उन्हं उतरल्यावर भुजियो डुंगर चढलो. 26 जानेवारी 2001च्या भूकंपात गेलेल्यांचं स्मृतिवन इथं आहे, 2022मध्ये खुलं झालेलं. चढावर ठिकठिकाणी पाणी अडवलेली तळी आणि काठच्या भिंतींवर नावंच नावं. इतकी, की वाचताना आपला आवाज आपोआप बंद होतो.

मावशी लग्नानंतर चार वर्षं भुजात होती. भूकंपाच्या वर्षभर आधी बदली झाली. शेजारच्या बेननी तिला बाजरीचा रोटला थापायला शिकवलेला. त्या गेल्याचं फोनवरच कळलं होतं. आता ती एकेक तळं धुंडाळत होती.

"अंधार पडतोय हं," बाबा म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊजी."

चौथ्या तळ्यापाशी ती थांबली. नावावरची धूळ पदरानं पुसली, तिथंच टेकली. मी गुपचूप शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी रणात सगळे फोटो काढण्यात दंग. मावशीनं मात्र गूळ-रोटला मागवला.

"जाड थापलाय," ती म्हणाली, अन् दुसरा मागितला.