सरासरी उत्तम, पण कोपर दुखतंय

गडचिरोलीहून एसटीने चंद्रपूरला माझ्याकडे १४ वर्षांचा एक बेसबॉलपटू आला. पिचर. उजवं कोपर आतल्या बाजूने दुखत होतं. मी मलम दिलं, आठवडाभर आराम सांगितला. किती चेंडू टाकतोस, हे विचारलंच नाही. चूक माझी.

महिन्याभराने तो पुन्हा आला. या वेळी सोबत क्रीडाशिक्षक आणि त्यांच्या मोबाईलमधलं स्कोअरिंग ॲप. हंगामाची सरासरी झकास. पण शेवटचे तीनच सामने वेगळे काढले, तर स्ट्राइक कमी होत गेलेले आणि चेंडू वाढत गेलेले. एका दिवसात ११०! अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांत या वयाला दिवसाला ९५ ची मर्यादा आहे. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती.

या वयात कोपराचं हाड जिथून वाढतं तिथे अजून कूर्चा असते, आणि प्रत्येक फेकीला ती ओढली जाते. एक्स-रेत तिथली फट रुंदावलेली दिसली. (मधुमेहींना हे ओळखीचं वाटेल. तीन महिन्यांची सरासरी बरी असते, गेल्या आठवड्याची साखर मात्र वेगळंच सांगते.)

फेकणं सहा आठवडे बंद.

“डॉक्टर, विभागीय स्पर्धा आहे ना!”

सध्या तो मैदानाबाहेर बसून ॲपमध्ये इतरांचे चेंडू मोजतो.