बर्फाचं बिंग

मराठी मध्यमवर्गीय माणसाला चांगली वस्तू लगेच वापरता येत नाही. ती आधी ठेवावी लागते. नवी चादर पाहुण्यांसाठी, काचेचे कप सणासाठी, पैठणी भाचीच्या लग्नासाठी, आणि लग्नात मिळालेलं अत्तर ‘असू दे, लागेल कधीतरी’ यासाठी. आमच्या कपाटात एक उत्तम टॉर्च आहे. वीज गेली की ती खराब होऊ नये म्हणून आम्ही मेणबत्ती लावतो. त्यातून मी पस्तीस वर्षं बँकेत काढलेली. ‘आज काढू नका, मुदत संपल्यावर जास्त मिळतील,’ हे लोकांना सांगण्याचाच मला पगार मिळत असे. अशा माणसाच्या पुढ्यात उतारवयात एक पदार्थ आला, जो ठेवता येत नाही, बांधून नेता येत नाही, आणि अर्धा उद्यासाठी झाकूनही ठेवता येत नाही. तो मला तैवानात भेटला. त्याचं नाव बिंग.

चिनी भाषेत बिंग म्हणजे बर्फ. आपल्याकडे बिंग फुटतं, तिकडे त्याच्यावर रंधा मारतात. ही कोटी नव्हे. ‘बाओबिंग’ या नावातल्या ‘बाओ’चा अर्थच मुळी रंधा मारणं, सुतार लाकडावर मारतो तोच. चौपाटीवरचा जुना गोळेवाला आठवा. रंधा उलटा मांडलेला, त्यावर बर्फाची लादी खसाखसा घासतोय आणि खाली भुगा पडतोय. तत्त्व तेच. फरक इतकाच, की आपण तो भुगा मुठीत आवळून काडीला चिकटवला आणि काला खट्टात बुडवून चोखत बसलो; तैवानी माणसाने तो मोकळा सोडला, वाडग्यात त्याचा डोंगर रचला आणि डोंगरावर अर्धं किराणा दुकान ओतलं. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं त्या बेटावर जपान्यांचं राज्य होतं. किसलेल्या बर्फाचं वेड जपान्यांना जुनं. ते त्या काळात बेटावर पसरलं. पुढे राज्य गेलं, बर्फ राहिला. आपल्याकडे इंग्रज गेला आणि चहा राहिला, तसंच.

या बाओबिंगची एक धाकटी बहीण आहे, श्युएह्वा बिंग, म्हणजे हिमफुलांचा बर्फ. थोरलीत साध्या पाण्याचा बर्फ किसून वर पाक घालतात. धाकटीत दूध आणि साखर आधीच मिसळून त्याचीच लादी गोठवतात. ती यंत्रात गरगर फिरते आणि पात्याखालून पातळ पापुद्रे सुटायला लागतात, एकावर एक, नऊवारीच्या निऱ्या पडाव्यात तसे. लादी फार कडक असली तर पापुद्र्याचा चुरा होतो, म्हणून ती आधी जराशी नरम होऊ देतात. (हे तत्त्व लग्नाच्या बोलणीतही लागू पडतं.) पापुद्रा जिभेवर ठेवला की तिथेच विरतो. दातांना काही कामच नाही. कवळी घरी विसरली तरी अडू नये, असा हा पदार्थ.

आमचे चिरंजीव शिंचू नावाच्या गावी संगणकाच्या चिपा बनवण्याच्या उद्योगात आहेत. तो नक्की काय करतो हे तो सांगत असतो तोवर मला कळतं. मी दुसऱ्याला सांगायला लागलो की कळेनासं होतं. जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, आणि एका रविवारी तो आम्हाला तैपेईच्या योंगकांग रस्त्यावर घेऊन गेला. दुकानात एक कागद हातात देतात. त्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या, परीक्षेसारखं. प्रश्नपत्रिका चिनी, त्यामुळे आम्ही उभयता काठावर. आंब्याच्या बर्फाचा भाव दोनशे तैवानी डॉलरच्या वर. सौ.ने मनातल्या मनात तिनाने गुणलं आणि तोंडाने “एकच सांग रे,” म्हणाली.

एकच आला. पण तो आल्यावर समोर बसलेला मुलगा दिसेना. पापुद्र्यांचा ढीग, त्यावर आंब्याच्या फोडी, आंब्याचा रस आणि गोड आटीव दूध.

आता आंबा म्हटल्यावर कोकणी रक्ताने जे करायचं ते केलंच. मी पहिली फोड तोंडात घालून, “आपल्या हापूसची सर नाही,” हे वाक्य म्हणून मोकळा झालो. ते वाक्य परदेशात म्हणावंच लागतं, नाहीतर पासपोर्ट काढून घेत असावेत. पण नंतर या आंब्याचं कुळ शोधलं आणि गप्प झालो. त्याचं नाव आयर्विन. तैवानी लोक आयवेन म्हणतात. वरून सफरचंदासारखा लाल, आत केशरी, धागा बेताचा. ताइनानकडच्या यूजिंग भागात त्याच्या बागाच्या बागा आहेत. पण तो मूळचा तिथला नव्हे. १९५४ साली तो अमेरिकेतल्या फ्लोरिडातून आला. आणि फ्लोरिडात? तिथे आयर्विन हा लिपेन्सचा मुलगा, लिपेन्स हेडनचा, आणि हेडन कुणाचा, तर मलगोबाचा! आणि हा मलगोबा १८८९ साली फ्लोरिडाला गेला तो आपल्या हिंदुस्थानातून. म्हणजे वाडग्यात बसलेला हा तैवानी गृहस्थ आपल्याच मलगोब्याचा पणतू. पणजोबांनी समुद्र ओलांडला, नातवंडं तिकडचीच झाली, पणतू आणखी एक समुद्र ओलांडून तिसऱ्याच देशात रुजला, नावारूपाला आला. आता त्याला, “घरी कधी येणार?” असं विचारणारं कोणी उरलेलं नाही.

जुन्या पद्धतीच्या दुकानांत आंब्याचा हा थाट नसतो. तिथे काचेमागे पातेली मांडलेली असतात आणि आपण बोटाने दाखवायचं: हे, हे आणि ते. त्या पातेल्यांत डोकावल्यावर सौ.चा चेहरा उजळला. साबुदाण्याचे थोरले भाऊ, काळ्या साखरेत मुरलेले. मऊ शिजवलेले शेंगदाणे. रताळ्याच्या गोळ्या. अळकुड्या, म्हणजे ज्याच्या पानांचं आपण फदफदं करतो त्या अळूचे कांदे. “अहो, हे तर उपासाचं ताट!” ती म्हणाली. पुढच्या पातेल्यात शिजवलेले मूग आणि चवळीच्या नात्यातले लाल दाणे निघाले, तेव्हा उपास मोडला. त्यांच्या पलीकडे दोन प्रकारच्या थलथलीत वड्या. काळी, ती तुळशी-पुदिन्याच्या कुळातल्या एका पाल्याची. पिवळसर, ती ‘आयू’ची, उंबराच्या गोत्रातल्या एका वेलीच्या फळांतलं बी फडक्यात बांधून पाण्यात चोळतात, आणि ते पाणी चुलीवर न चढवता आपोआप थिजतं. तुळस आणि उंबर दोन्ही हजर म्हटल्यावर सौ.ने मुगांना माफ केलं.

खायचे नियम सोपे आहेत. एक, ढवळायचं नाही. ढवळलं की त्याचं दूध-पोहे होतं. दोन, डोंगर पायथ्याशी पोखरायचा नाही. कडेने, वरून खाली उतरत यायचं, नाहीतर दरड कोसळते. तीन, दर चमच्यात थोडा बर्फ, थोडा आंबा. आधी सगळा आंबा खाणाऱ्याला तिकडे काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्याकडे धाकटा भाऊ म्हणतात. चार, मोठा घास भरकन गिळायचा नाही. टाळू एकदम गारठली की कपाळात कळ येते. अशा वेळी जीभ टाळूला लावून गप्प बसावं. पाच, शेवटी तळाशी जे उरतं ते वाडगा तोंडाला लावून प्यावं.

सहावा नियम सर्वांत अवघड: एकट्याने खायचा नाही. एक वाडगा, तीन चमचे. आमच्या घरात उष्टं-खरकटं अजून पाळतात. तीस वर्षांत मी मुलाच्या ताटातलं खाल्लं नव्हतं, त्याने माझ्यातलं नाही. आणि इथे तिघांचे चमचे एकाच डोंगरात. त्यात हा पदार्थ थांबत नाही. फोन वाजला, एवढंसं बोललं, की एक बाजू वितळली. चिरंजीवांचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्याने तो पालथा घातला. आमच्या सबंध मुक्कामात हे पहिल्यांदाच घडत होतं.

डोंगर निम्मा उतरला तेव्हा तो आंब्याकडे बघत म्हणाला, “बाबा, मी इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज केलाय.”

बिंग फुटलं ते असं.

अशा बातमीवर माझं उत्तर ठरलेलं आहे: “बघू, घरी गेल्यावर बोलू.” बँकेत मोठमोठी प्रकरणं मी याच वाक्यावर निकालात काढली आहेत. पण वाडग्याच्या कडेने दूध ओघळायला लागलं होतं, आणि ज्या घरी जाऊन बोलायचं ते घर नक्की कुठलं, हाही प्रश्न होताच. मी चमचा हातात धरून बसलो. तेवढ्यात सौ.ने आंब्याची शेवटची मोठी फोड उचलली, त्याच्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, “खा आधी. पाणी होतंय त्याचं. मग सगळं नीट सांग. घर घेणार आहेस का भाड्याचंच?”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. तळाचं दूध आम्ही तिघांनी आळीपाळीने प्यालो. उष्ट्याचा विषय कोणी काढला नाही.

तेव्हा तुम्ही तैवानला गेलात तर हा बर्फ जरूर खा. जून-जुलैत गेलात तर आंब्याचा. थंडीत गेलात तरी हिरमुसू नका. पुष्कळ जुनी दुकानं तीच पातेली गरम करून गोड सूप देतात, आणि काही बहाद्दर तर तांदळाच्या पिठाच्या गरम गोळ्या गार बर्फावर टाकून देतात. बरोबर घरचं माणूस मात्र न्या. आणि बांधून मागू नका. दुकानदार भला असला तरी बर्फ ऐकत नाही.

शेजाऱ्यांना वाटायला म्हणून आम्ही अननसाचे छोटे केक आणले. ते टिकतात, त्यामुळे आमच्या घरात लगेच रुळले. चार डबे वाटले, एक उरला. सौ.ने तो वरच्या फळीवर ठेवलाय. चिरंजीव येतील तेव्हा त्यांच्यासाठी. तैवानचा केक तैवानहून येणाऱ्या मुलाला, हे तिला सांगायला मी गेलेलो नाही. डब्याच्या झाकणावर मुदत संपण्याची तारीख छापलेली आहे. ती बाजू आम्ही भिंतीकडे केली आहे.