चौकट आणि तिच्यामागची नोंद

सॉफ्टवेअरची आखणी करण्याची साधने वरकरणी चित्र काढण्याच्या साधनांसारखी दिसतात आणि नवशिक्याची पहिली फसगत तिथेच होते. फळ्यावर काढलेली चौकट नुसत्या रेघांची असते, ती पुसली की संपते; आखणीच्या साधनात काढलेली चौकट मात्र एका नोंदीचे दर्शनी रूप असते, आणि ती नोंद, जिला या क्षेत्रात ‘मॉडेल’ म्हणतात, आकृतीहून वेगळी साठवली जाते. प्रस्तुत लेखकाला हा भेद वाचून ठाऊक होता, तरी तो अंगवळणी पडण्यासाठी ‘आर्गोयूएमएल’ या साधनाशी काही आठवडे झटापट करावी लागली.

यूएमएल, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा नसून प्रोग्रॅमची रचना आकृत्यांतून मांडण्याची चिन्हव्यवस्था आहे. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांच्या स्वतंत्र पद्धतींच्या एकत्रीकरणातून ती घडली, आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आकृत्यांचे १४ प्रकार मानले जातात. त्यांपैकी बहुतेकांवाचून सुरुवातीला काहीही अडत नाही. आर्गोयूएमएल हे जावा भाषेत लिहिलेले मुक्त साधन यूएमएलच्या १.४ या जुन्या आवृत्तीवर उभे आहे आणि त्याचा उगम जेसन रॉबिन्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत केलेल्या संशोधनात आहे. आखणी करणाऱ्याला काम चालू असतानाच त्याच्या उणिवा दाखवाव्यात, हा त्या संशोधनाचा गाभा होता. म्हणून पडद्याच्या एका कोपऱ्यात सूचनांची यादी सतत वाढत राहते, आणि सूचना देणाऱ्या त्या अंतर्गत घटकांना ‘क्रिटिक’ असेच नाव आहे.

सरावासाठी लेखकाने सार्वजनिक ग्रंथालयातील देवघेवीचा व्यवहार निवडला, कारण तो परिचयाचा होता आणि सोपा वाटला होता. पहिल्या दिवशी ‘पुस्तक’ आणि ‘सभासद’ अशा दोन चौकटी काढून त्या रेघेने जोडल्या गेल्या. या चौकटींना यूएमएलमध्ये ‘क्लास’ म्हणतात, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंचे सामाईक वर्णन. मराठीत त्याला ‘वर्ग’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण शाळेचा वर्ग, गणितातला वर्ग आणि शासनमान्य ग्रंथालयाचा ‘ब’ वर्ग हे सगळे त्या एका शब्दात आधीच दाटीवाटीने बसलेले असल्यामुळे लेखकाने ‘क्लास’ हाच शब्द ठेवला. चौकटी काढताच सूचना उमटू लागल्या: क्लासमध्ये गुणधर्म नाहीत, क्रिया नाहीत. त्यांतली एक सूचना विशेष लक्षात राहिली. क्लासचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे असा संकेत आहे, आणि देवनागरीत लहान-मोठी लिपी हा भेदच नसल्यामुळे ‘सभासद’ या नावाला त्याची पूर्तता कधीच करता येणार नव्हती. शेवटी नावे रोमन लिपीत लिहिली गेली. ही तडजोड सोयीची असली तरी समाधानाची नव्हती.

खरी अडचण रेघेच्या दोन्ही टोकांना आकडे लिहिताना आली. एका टोकाच्या किती वस्तू दुसऱ्या टोकाच्या एका वस्तूशी जोडल्या जाऊ शकतात, हे सांगणाऱ्या या आकड्यांना ‘मल्टिप्लिसिटी’ म्हणतात, ‘०..१’ म्हणजे एक किंवा एकही नाही, ‘०..*’ म्हणजे कितीही. एक पुस्तक एका वेळी किती सभासदांकडे असू शकते? उत्तर सरळ ‘फार तर एक’ असे वाटते. पण एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर ती कादंबरी एकाच वेळी पाच घरी असते, आणि तरीही त्यांतली प्रत्येक प्रत एकाच घरी असते. याचा अर्थ ‘पुस्तक’ या एका शब्दात दोन वस्तू दडल्या होत्या: लेखक, शीर्षक आणि प्रकाशक ज्याला असतात तो ग्रंथ, आणि जिची पाने फाटतात, जी हरवते, जिच्यावर दाखल क्रमांक असतो ती प्रत. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत हा भेद कितीतरी आधीपासून पाळला जातो, कारण तिथे प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला जे न सांगता कळते, ते संगणकासमोर बसलेल्या माणसाला एका आकड्यासाठी अडून राहिल्यावर कळले.

तेव्हा ‘पुस्तक’ ही चौकट काढून टाकून ‘ग्रंथ’ आणि ‘प्रत’ अशा दोन नव्या चौकटी मांडल्या गेल्या. इथेच सुरुवातीला सांगितलेला भेद आडवा आला. आर्गोयूएमएलमध्ये काढून टाकण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत: एक आकृतीतून काढते, दुसरी मॉडेलमधून. लेखकाने सवयीने डिलीटची कळ दाबली, म्हणजे पहिलीच आज्ञा दिली, आणि चौकट दिसेनाशी झाल्यावर ती गेलीच असे धरून चालला. डावीकडच्या झाडासारख्या यादीत ‘पुस्तक’ शिल्लक होते, पण आकृती सुबक दिसू लागल्यावर त्या यादीकडे पाहण्याचे कारण उरले नव्हते.

या साधनाची ‘झार्गो’ प्रकारची फाइल ही प्रत्यक्षात अनेक फाइलींचे दाबून बांधलेले गाठोडे असते. ते सोडवून पाहिले तर मॉडेल एका फाइलीत आणि चौकटींच्या जागा व आकार सांगणारे चित्रण दुसऱ्या फाइलींत असे वेगवेगळे सापडते. हे दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर बराचसा गोंधळ निवळला. मात्र ते गाठोडे सोडवण्याची वेळ आली ती पुढे, मॉडेलवरून जावा प्रोग्रॅमचा सांगाडा तयार करवून घेतल्यावर, जेव्हा ग्रंथ, प्रत आणि सभासद यांच्या फाइलींच्या रांगेत ‘पुस्तक’ नावाचीही एक फाइल येऊन बसलेली दिसली.